सतरा नंबरचा पाना

खराडीतल्या त्या कंपनीत मी जेमतेम सव्वा वर्ष होते. माझी जागा बेसमेंटमध्ये, गाड्या उतरतात त्या रॅम्पला लागून. वरच्या मजल्यांवर कॉम्प्युटरसमोर बसणारी माणसं, आणि त्यांना घरून आणायला-सोडायला चाळीसएक गाड्या. कोणती गाडी कधी निघणार, कुणाला कुठून घेणार, याचं रोस्टर लावणं हे ट्रान्सपोर्ट डेस्कचं काम. डेस्क म्हणजे दोन माणसं. सुपरवायझर साहेब आणि मी.

तिथे ड्रायव्हरांना नावं नव्हती. गाडीच्या काचेवर चिकटवलेला नंबर हेच नाव. "तेवीस आला का?" "सहा नंबर पंक्चर आहे." आठवडाभरात मीही तशीच बोलायला लागले. मला ते सोयीचं वाटलं, हेही सांगते. अनोळखी पुरुषाला नावाने हाक मारण्यापेक्षा नंबराने मारणं मला सोपं जायचं.

आमच्या खोलीला समोरून काच होती. ती माझ्या आधीची. कधीतरी एका ड्रायव्हरने साहेबांची कॉलर धरली होती, वरचं बटण तुटून खाली पडलं होतं. त्यानंतर वरच्या लोकांनी सुरक्षिततेसाठी म्हणून काच बसवून घेतली. सुताराने बोलायचं भोक पाडलं ते आत खुर्चीत बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीला. बाहेर उभ्या माणसाच्या ते कमरेशी यायचं. त्यामुळे आमच्याशी बोलायचं तर प्रत्येकाला वाकावं लागे. आतून मला आधी पट्टा आणि शर्टाची खालची बटणं दिसायची, मग गुडघ्यावर हात टेकून, मान वाकडी करून चेहरा खाली यायचा. पहिलं वाक्य साधं असायचं. वाकून दोन मिनिटं झाली की आवाज चढायचा. हे मला पहिल्याच महिन्यात दिसलं होतं. मी कुणाला बोलले नाही. कुणी विचारलंही नव्हतं.

साहेब निवृत्तीनंतर या नोकरीत आलेले. जन्म पेठेतला, आता फ्लॅट वारज्याला. अख्खं शहर ओलांडून स्कूटरवर यायचे. आवाज कधी चढवायचे नाहीत. ते पाट्या लिहायचे.

'काचेवर टकटक करू नये. आत मासे नाहीत.'

'हॉर्न वाजवल्याने रोस्टर बदलत नाही. ऐकू येणे मात्र बंद होते.'

ते चिठ्ठीवर लिहून माझ्या टेबलावर ठेवायचे आणि मी टाइप करायचे. "अहो कॉन्व्हेंट," ते मला म्हणायचे, "तुमचं मराठी कॉम्प्युटरवर बरं उमटतं. हाताने लिहिता तेव्हा उंदीर पळून गेल्यासारखं दिसतं." इंग्रजी शाळेत शिकलेल्या मला मराठीत काहीतरी नीट जमतंय याचा आनंद होता. मी पाटीला दुहेरी बॉर्डर टाकायचे, अक्षर मधोमध आणायचे. वरच्या मजल्यांवरची मुलं-मुली खाली येऊन पाट्यांचे फोटो काढायची. काही ड्रायव्हरही हसायचे. गेटवर बायकांच्या पर्स तपासायला एक मावशी होत्या, त्यांनी एकदा पाटी वाचून मला विचारलं, "हे कुणाला म्हणायचं?" मी म्हटलं, "कुणाला नाही मावशी, गंमत आहे." त्यांनी पाटीकडे परत बघितलं आणि त्या गेटवर गेल्या.

सतरा नंबर म्हणजे खराडीच्याच गावठाणातला, चाळिशीचा, जाडजूड, कमी बोलणारा माणूस. त्याच्या गाडीत एक पिवळं फडकं असायचं आणि ट्रिप संपली की तो गाडी पुसत बसायचा. वारज्याच्या मुली त्याचीच गाडी मागायच्या, कारण सोसायटीचं गेट आतून लागेपर्यंत तो हलायचा नाही.

त्याच्या आईला डायलिसिस सुरू झालं. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी आठ. त्याची ड्युटी नेमकी सकाळची. तो काचेशी वाकला.

"साहेब, मंगळवारी आन् शुक्रवारी दुपारची ड्युटी द्या. आईला मशीनवर न्यायचं असतंय. मशीनचा नंबर सकाळचाच मिळालाय."

"अर्ज द्या."

"मागल्या आठवड्यात दिला की."

"ते पत्र होतं. अर्जाला विषय असतो."

त्याने विषय घालून आणला. मग हॉस्पिटलचा कागद जोडलेला नव्हता.

"गाडीत हाय, आणतो."

"मला आणून काय करू? मी डॉक्टर आहे? झेरॉक्स काढा, जोडा."

तिसरा अर्ज ट्रेमध्ये गेला आणि तिथेच राहिला. साहेब वाईट होते असं मला आजही म्हणता येत नाही. कुणीही काचेशी आलं की त्यांचा डावा हात कॉलरकडे जायचा आणि वरचं बटण चाचपून खाली यायचा. दिवसातून पन्नास वेळा. त्यांना ते माहीत नसावं. मला मात्र त्या हाताची इतकी सवय झाली होती की हात वर गेला की बाहेर कुणी आलंय, हे मी मान न वळवता ओळखायचे.

एका शनिवारी सतरा नंबर आला आणि वाकून म्हणाला, "काल रिक्षातून उतरताना आई पडली."

मी टायपिंग थांबवलं. साहेबांचा हात बटणावर होता.

"मग रिक्षावाल्याची तक्रार करा," साहेब म्हणाले.

सोमवारी माझ्या टेबलावर चिठ्ठी होती.

'घरच्या आजारपणांनी कृपया रोस्टर पाहून यावे. रोस्टर आजारपण पाहून बदलत नाही.'

मी वाचली आणि हसले. हे लिहायला मला जड जातं, पण मी हसले. वाक्य उलटसुलट केलं होतं ना, त्याचं हसू आलं. मग टाइप केली, बॉर्डर टाकली, आणि बाहेर जाऊन चार कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून भोकाच्या वर डोळ्यांच्या उंचीला चिकटवली. माझ्याच हाताने.

दुसऱ्या दिवशी सतरा नंबरने ती वाचली. तो एकेक शब्द ओठांनी वाचायचा. वाचून झाल्यावर त्याने काचेतून आत बघितलं. साहेबांकडे नाही, माझ्याकडे. मग न वाकता निघून गेला. त्या दिवसापासून तो काचेशी आलाच नाही. त्याचा ट्रिपचा कागद दुसराच कुणीतरी न्यायचा.

त्याच सुमारास वरच्या हॉलमध्ये एका मॅडमचं ट्रेनिंग झालं. कामाच्या ठिकाणी मारामारी होऊ नये म्हणून काय करायचं. पडद्यावर इंग्रजीत यादी होती: आवाज चढणं, टेबलावर हात आपटणं, धमकी देणं. असं काही दिसलं तर या पत्त्यावर ईमेल करा. ड्रायव्हरांनाही बसवलं होतं. त्यांनी हजेरीवर सह्या केल्या आणि चहा प्यायला गेले. मी यादी उतरवून घेतली. त्या यादीप्रमाणे सतरा नंबर हा आता अख्ख्या इमारतीतला सगळ्यात शांत माणूस होता.

महिन्याची गाड्यांची तपासणी माझ्याकडे असे. फॉर्मवर पाच गोष्टी: आग विझवायचं सिलिंडर, प्रथमोपचाराची पेटी, स्टेपनी, जॅक, आणि चाकाचे नट सोडवायचा लांब पाना. प्रत्येकापुढे आहे किंवा नाही, एवढीच खूण करायची. शेवटी रिमार्क्सचा कॉलम होता, त्यात कधी कुणी काही लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं.

शनिवारी सतरा नंबरची गाडी आली. त्याने डिकी उघडली. स्टेपनी होती, जॅक होता. जॅकशेजारची पान्याची खाच रिकामी होती.

"पाना?" मी विचारलं.

"हाय."

ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडं होतं. सीट आणि हँडब्रेकच्या मधे पिवळं फडकं गुंडाळलेलं काहीतरी उभं होतं. फडक्यातून काळं टोक बाहेर आलं होतं. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने डिकी बंद केली.

मी 'आहे'वर खूण केली. पाना होताच. तो कुठे आहे हे फॉर्म विचारत नव्हता.

रविवारभर मला एका जागी बसवेना. आम्ही येरवड्याला राहायचो. आई मेथी निवडत होती आणि मी समोर बसून पाय हलवत होते. "पाय हलवू नकोस," आई म्हणाली. मी उठले, कपाट आवरायला घेतलं, अर्धवट सोडलं. पुष्कळ ड्रायव्हर पाना हाताशी ठेवतात, मी स्वतःला सांगत होते. हायवेला जातात, रस्त्यात कोण भेटेल सांगता येत नाही. मग वाटायचं, हा तर वारजे ते खराडी करतो, याला कोण भेटणार आहे? परत उठायचे. लॅपटॉप उघडून त्या पत्त्यावर ईमेल लिहायला घेतला. इंग्रजीत दोन ओळी सहज झाल्या. अगदी नीट झाल्या, त्याचीच भीती वाटली. हा ईमेल गेला की संध्याकाळपर्यंत त्याचा गेटपास रद्द होणार होता. कशासाठी? गाडीत असायलाच हवा असा पाना गाडीत आहे म्हणून? आणि नाही पाठवला, तर मंगळवार, त्याच्या आईच्या मशीनचा दिवस, येतच होता. मी दोन्ही ओळी खोडल्या. थोड्या वेळाने परत लिहिल्या, परत खोडल्या.

"ऑफिसात काही झालंय का?" आईने विचारलं.

"नाही."

"मग ती मेथी तरी धू."

सोमवारी मी साहेबांच्या मागे बसून त्यांच्या डोक्याकडे बघत होते. मागून केस विरळ होते आणि मानेवर, जिथे त्यांचा हात पोचत नसावा तिथे, कलप लागलेला नव्हता. एवढासा पांढरा पट्टा. ते पेन्सिलीने वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होते. मला त्या पट्ट्यावरून नजर काढता येईना.

दुपारी डबा खाताना मावशी म्हणाल्या, "सतरा नंबर हल्ली भांडत न्हाई."

"मग बरंच की."

"बरं कसलं? दोन वर्सं बघतीय त्याला. भांडला की दुसऱ्या दिवशी येऊन च्या मागतो. आता भांडत बी न्हाई, च्या बी पीत न्हाई."

"मावशी, तुम्ही सांगा ना साहेबांना."

"मी? माझ्या नावाची पाटी लावतील की उद्या." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "ती आजारपणाची पाटी कुणी चिकटवली?"

"मी."

"मग?" एवढंच म्हणून त्यांनी डबा बंद केला.

चार वाजता साहेब मीटिंगला वर गेले. मी बाहेर जाऊन पाटी काढायला लागले. चिकटपट्टी निघेना. नखांनी कोपरे खरवडत होते आणि दोन ड्रायव्हर मागे उभे राहून बघत होते, ते मला काचेत दिसत होतं. कागद फाटून निघाला. कोपऱ्यांत चिकटपट्टीचे चार तुकडे तसेच राहिले. मग आत येऊन साहेबांच्या पासवर्डने रोस्टर उघडलं. तो त्यांनीच मला दिला होता. "बटणं तुम्ही दाबा, डोकं मी लावतो," असं म्हणून. सतरा नंबरच्या मंगळवार-शुक्रवारच्या सकाळी कुणालातरी द्यायला हव्या होत्या. एकतीस नंबर दुपारचा होता आणि राहायला वारज्याजवळ. मला फोनवर नीट बोलता येत नाही. काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून घेतलं.

"दादा, मंगळवार-शुक्रवार सकाळची वारज्याची ट्रिप तुम्ही घ्याल का? तुमची दुपारची..."

"सतराच्या आईसाठी ना?" त्याने मला पूर्ण वाचूच दिलं नाही. "घेतो की ताई. आम्ही कवापासून म्हणतोय, पण विचारलंय कुणी?"

पाच मिनिटं लागली. चार आठवडे ट्रेमध्ये पडून राहिलेलं काम. मग सतरा नंबरला फोन लावला, तो बंद होता. घरी जाईपर्यंत लावत होते. बंदच होता.

मंगळवारी साडेसहाला मी डेस्कवर होते. सकाळच्या गाड्या त्याच वेळी कागद न्यायला यायच्या. साहेब थर्मासच्या झाकणात चहा ओतत होते.

"अहो कॉन्व्हेंट, आपली पाटी कुठे गेली?"

"मी काढली."

"का? वाळवी लागली?"

मी उत्तर देणार इतक्यात त्यांचा हात बटणाकडे गेला. मी बाहेर बघितलं. गाड्यांच्या मधून सतरा नंबर चालत येत होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा स्वतः. उजव्या हातात पिवळं फडकं होतं, लांबट, गुंडाळलेलं, मांडीला लावून धरलेलं.

आमच्या खोलीला बाजूला एक दार होतं. त्याला आतून कडी असायची, ड्रायव्हर आले की ते कधीच उघडायचं नाही असा नियम होता. मी कडी काढली. धीर आला म्हणून नाही, आत बसवेना म्हणून. बाहेर जाऊन मी काचेसमोर उभी राहिले आणि दार मागे ओढून घेतलं. तो दोन पावलांवर थांबला. मी कधी त्याच्यासमोर उभीच राहिले नव्हते. तो उंचीला माझ्याएवढाच होता.

"दादा, आज तुमची ड्युटी दुपारची आहे," मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की परत म्हणावं लागलं. "दुपारची आहे. शुक्रवारीपण. आता दर आठवड्याला तसंच. तुमचा फोन लागला नाही."

त्याने माझ्या खांद्यावरून काचेकडे बघितलं. तिथे चिकटपट्टीचे चार तुकडे आणि मधे काही नाही.

"कुनी बदलली?"

"मी."

"काय चाललंय तिकडे?" आतून साहेबांचा आवाज आला. "कोणी बदललं रोस्टर?"

ते उभे राहून बोलत होते, त्यामुळे आवाज काचेतच घुमला. मग त्यांना बाहेर ऐकू जावं म्हणून भोकाशी यावं लागलं. ते वाकले. गुडघ्यावर एक हात टेकला, दुसरा कॉलरवर, मान वाकडी, आणि आमच्या दोघांच्या कमरेशी त्यांचा चेहरा आला. चष्मा नाकावरून घसरला होता. तो सावरायला त्यांना हात मोकळा नव्हता.

"मी विचारतोय, कोणाच्या परवानगीने?"

सतरा नंबर खाली बघत राहिला. रॅम्पवरून एक गाडी उतरली, तिचे दिवे आमच्यावरून फिरून गेले. फडक्यावरची त्याची बोटं मी बघत होते. ती आवळलेली होती. मग ती सैल झाली, पण फडकं त्याने सोडलं नाही.

"साहेब," तो म्हणाला, "सरळ उभं राव्हा. पाठ धरल."

मग माझ्याकडे वळला. "आठला मशीन हाय," असं म्हणाला आणि झपाझप निघाला. गाडी रॅम्प चढून गेल्याचा आवाज येईपर्यंत मी तिथेच उभी होते.

आत आले तेव्हा साहेब खुर्चीत बसले होते. चहा झाकणातून सांडून कोड्यावर पसरला होता. आता नोकरी जाणार असं मी धरून चालले होते.

"त्याच्या हातात काय होतं?" त्यांनी विचारलं.

"गाडी पुसायचं फडकं."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी खाली बघितलं नाही. मला ते कधीच जमत नाही, त्या दिवशी जमलं.

"माझ्या पासवर्डने केलंत?"

"हो."

त्यांनी ओला पेपर उचलून कचऱ्यात टाकला. "राहू दे तसंच," ते म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, बाहेर तिसरा की चौथा ड्रायव्हर कागद घेऊन गेल्यावर, "त्यांच्या आईला लागलं का हो फार? रिक्षातून पडल्या तेव्हा?"

"माहीत नाही," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं. मीसुद्धा विचारलं नव्हतं.

त्या आठवड्यात बाजूच्या दाराला एक जुना टायर लावलेला मला दिसला, ते बंद होऊ नये म्हणून. कुणी लावला ते साहेब बोलले नाहीत. काचेवर नवीन पाटी आली, त्यांच्या हाताने लिहिलेली, मला टाइप करायला न देता: 'पंखा आतही आहे. बोलायचे त्याने आत यावे. वाकल्याने आवाज पोचतोच असे नाही.' ड्रायव्हर दारातून येऊन खुर्चीच्या कडेवर बसायला लागले. पहिल्यांदा सगळेच अवघडले, मी सगळ्यांत जास्त. साहेबांचा हात बटणाकडे जायचा तो जायचाच.

ईमेल मी पाठवला नाही. ते बरोबर होतं का, हे मला आजही ठरवता येत नाही. तो पाना घेऊन कशासाठी आला होता हे मी त्याला विचारलं नाही, फडक्यात पानाच होता हेही मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. काही घडलं नाही, त्यामुळे कुठे काही लिहिलंही गेलं नाही. कधीकधी वाटतं, मी दोन माणसांचा जीव एका अंदाजावर टांगून ठेवला होता. अशा वेळी अजूनही पाय हलायला लागतो.

पुढच्या तपासणीला सतरा नंबरने गाडी लावली आणि मी फॉर्म काढायच्या आधीच डिकी उघडली. जॅकशेजारच्या खाचेत पाना आडवा बसवलेला होता, पुसून लख्ख केलेला. ड्रायव्हरच्या सीटशेजारी काही नव्हतं. पिवळं फडकं आरशाला लटकत होतं.

"बघा ताई," तो म्हणाला. "जागेवर हाय."

म्हणजे त्या शनिवारी मी पाहिलेलं त्याने पाहिलं होतं.

"आई कशी आहे?" मी विचारलं.

"हाय. चिडचिड करतीय. म्हंजी बरी हाय."

मी 'आहे'वर खूण केली. मग थांबले, आणि त्या इंग्रजी फॉर्मवर रिमार्क्सच्या रिकाम्या कॉलममध्ये माझ्या वाईट अक्षरात लिहिलं: जागेवर.

संध्याकाळी साहेब फॉर्मवर सह्या करत होते. त्या ओळीशी त्यांचं पेन थांबलं.

"अहो कॉन्व्हेंट, हे काय लिहिलंय? उंदीर गेलाय परत."

"पाना जागेवर आहे."

"मग ते लिहायचं काय त्यात?" ते म्हणाले, आणि त्यांनी सही केली.